ग्रंथालयाची नोंद होते, ग्रंथपालाची होत नाही: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: नव्या शैक्षणिक धोरणात शालेय ग्रंथपालाचं स्थान

महोदय,

मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं म्हणणं कुणा एका संस्थेबद्दल किंवा मुख्याध्यापकांबद्दल नाही, आणि नाव लिहिलं तर खुलासा त्यांनाच द्यावा लागेल. आमच्या संघटनांनी निवेदनं दिली, शिष्टमंडळं नेली, उन्हातान्हात धरणंही धरलं. मी हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण ज्यांच्या मुलांचा हा प्रश्न आहे त्या पालकांपैकी बऱ्याच जणांना शाळेत ग्रंथपाल नावाचं पद असतं हेच ठाऊक नाही.

निमित्त साधं आहे. आमच्या शाळेचा पट उतरतो आहे. गावाबाहेर इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, त्यांच्या पिवळ्या बस आमच्या गेटसमोरूनच जातात. यंदा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेची पदं मंजूर करण्याचा विषय निघाला तेव्हा मला सांगण्यात आलं की मी निवृत्त झाले की हे पद व्यपगत होईल, म्हणजे कायमचं रद्द होईल. त्यानंतर ग्रंथालयाचा 'प्रभार' कुणातरी शिक्षकाकडे जाईल. त्याच आठवड्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीची माहिती मागवणारा एक तक्ता शाळेत आला. 'शाळेत ग्रंथालय आहे काय?' असा त्यात एक रकाना होता. 'होय' लिहिलं. ते चालवायला माणूस आहे काय आणि उद्या असणार आहे काय, असा रकाना त्यात नव्हता. तक्ता मीच भरला, कारण असले तक्ते शाळेत बहुधा ग्रंथपालच भरतो.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं हे धोरण मी सगळं वाचलं आहे. पायाभूत साक्षरतेच्या प्रकरणात ते म्हणतं की सार्वजनिक आणि शालेय ग्रंथालयं मोठ्या प्रमाणावर वाढवली जातील. विशेषतः खेड्यांत शाळांची ग्रंथालयं शाळेच्या वेळेबाहेर गावालाही खुली राहतील, तिथे वाचकमंडळं भरतील. वाचून बरं वाटलं. मग हे सगळं करणाऱ्या माणसाचा उल्लेख कुठे येतो, ते शोधत पुढे गेले. तो सापडला थेट एकविसाव्या प्रकरणात, म्हणजे प्रौढशिक्षण आणि आजीवन अध्ययनाच्या. ग्रंथालयांना पुरेसा कर्मचारीवर्ग मिळाला पाहिजे, त्यांच्यासाठी बढतीचे मार्ग आखले पाहिजेत, त्यांचं प्रशिक्षण सतत चाललं पाहिजे, असं तिथे म्हटलं आहे. शाळांच्या प्रकरणांत नसलो तरी धोरणात कुठेतरी आम्ही आहोत, एवढ्यावर समाधान मानलं असतं. पण ते वाक्य राज्याच्या कुठल्याच आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) मला उतरलेलं दिसत नाही. गावासाठी ग्रंथालय संध्याकाळी उघडं ठेवायचं तर ते उघडणार कोण? अर्धवेळ माणसाची हजेरी तर शाळा सुटायच्या आधीच संपते.

आता तक्रारी सांगते. काही लांबतील, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

पहिली तक्रार कायद्याची आहे, आणि ती आपल्या आधीच्या कित्येक सरकारांपासून चालत आली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलं आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींचीही पुस्तकं तिथे हवीत, इतक्या तपशिलाने लिहिलं आहे. त्याच अनुसूचीत शंभरापेक्षा जास्त मुलं असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक दिले आहेत. ग्रंथपालाचं नाव नाही. ग्रंथालय म्हणजे खोली आणि पुस्तकं, ती आली की काम झालं, ही समजूत तिथूनच पक्की झाली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर हे पदच नाही. आणि केंद्र सरकार स्वतः जिथे शाळा चालवतं, त्या केंद्रीय विद्यालयांत आणि नवोदय विद्यालयांत मात्र ग्रंथपाल असतो. म्हणजे गरज कळत नाही असं नाही. गावातल्या मुलाला ती असेल असं वाटत नाही, एवढाच अर्थ मला लागतो.

दुसरी तक्रार पटाची. या पदांचे निकष सुचवणाऱ्या चिपळूणकर समितीपासून २८ जानेवारी २०१९ च्या शासन निर्णयापर्यंत शिक्षकेतर पदांचा हिशेब पटावर होत आला आहे. लिपिकाची पदं पटावर ठरवणं मी समजू शकते. दाखले कमी, काम कमी. पण ग्रंथपालाचं काम पटाबरोबर तसं उतरत नाही. तीनशे मुलांच्या शाळेलाही पुस्तकं निवडावी लागतात, दाखल नोंदवहीत चढवावी लागतात, वर्गीकरण करावं लागतं, फाटलेली शिवावी लागतात, आणि मुख्य म्हणजे मुलांच्या हातात पडावी लागतात. उलट लहान शाळेतल्या मुलाला पुस्तकाचं दुसरं ठिकाणच नसतं. शहरातल्या मोठ्या शाळेतला मुलगा निदान पुस्तकांच्या दुकानासमोरून तरी जातो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचाच ग्रंथपाल आधी काढायचा, असं हे पटाचं गणित आहे.

त्यातून निघालेला प्रकार म्हणजे मी: अर्धवेळ ग्रंथपाल. अर्धा पगार, आणि काम? यूडायस (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद), शिष्यवृत्तीचे अर्ज, अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पाठ्यपुस्तकांचं वाटप, गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास. यातून जो वेळ उरतो त्यात ग्रंथालय. आमच्यातल्या कित्येकांचं अख्खं आयुष्य 'अर्धवेळ' या शब्दातल्या 'अर्ध'च्या जागी 'पूर्ण' येण्याची वाट बघण्यात गेलं, आणि ही अर्धी सेवा निवृत्तिवेतनाला कशी धरायची, यासाठी म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पगाराचं रडगाणं यापुढे गात नाही. ते संघटना माझ्यापेक्षा चांगलं मांडतात.

तिसरी, मोजण्याची. यूडायसच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे ८७ टक्के शाळांत ग्रंथालयाची सोय आहे. आकडा ऐकून कुणालाही वाटेल, चला, एवढं तरी झालं. पण या आकड्यात ग्रंथालय, पुस्तकपेढी आणि वाचन कोपरा हे सगळं एकत्र येतं. वर्गाच्या भिंतीला दोरी बांधून त्यावर टांगलेली दहा पुस्तकं हा वाचन कोपरा. मला वाचन कोपऱ्यांबद्दल आकस नाही, पहिली-दुसरीच्या मुलांना ते आवडतात. पण ती दोरी आणि पाच हजार पुस्तकांची खोली एकाच आकड्यात मोजली, की कमतरता कागदावरून पुसली जाते. मग पद कशाला हवं, असं म्हणायला वित्त विभाग मोकळा.

चौथी तक्रार खरेदीची. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण ग्रंथालयाच्या नावाचा पैसा, मग तो कुठल्याही योजनेतला असो, मार्चअखेर येतो, आठ दिवसांत खर्च दाखवायचा असतो, आणि कधी कधी पैशांऐवजी पुस्तकांचे गठ्ठेच वरून येतात. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मी असा गठ्ठा सोडताना बघितला. एकाच थोर पुरुषाचं एकच चरित्र, एकाच आकाराच्या अक्षरात, प्रतींवर प्रती. पाचवीच्या मुलांना जड, दहावीच्या मुलांना बाळबोध. ती आजही कोरी आहेत. कुठल्या वर्गात काय वाचलं जातं, मुली काय मागतात, कुठलं पुस्तक तीनदा शिवून झालंय आणि त्याची दुसरी प्रत घ्यायला हवी, हे ज्याला माहीत असतं त्याला खरेदीच्या बैठकीला कुणी बोलावत नाही. बऱ्याच ठिकाणी बोलवायला असा माणूसच उरलेला नाही.

पाचवी तक्रार जरा सविस्तर सांगते, कारण ग्रंथालयं बंद का असतात याचं खरं उत्तर तिच्यात आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं की शिक्षक आळशी, ग्रंथपाल कामचुकार, म्हणून कपाटांना कुलपं. खरं कारण दाखल नोंदवहीत असतं. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, आणि निवृत्त होताना किंवा प्रभार देताना तो प्रत्येक क्रमांक दाखवावा लागतो. जे पुस्तक दिसलं नाही त्याची किंमत माणसाच्या अंगावर येते. ज्या शिक्षकाकडे प्रभार आहे त्याने स्वतःच्या मर्जीने तो घेतलेला नसतो. त्याचा विषय गणित, वर्गशिक्षकपद त्याच्याकडे, निवडणुकीचं काम त्याच्याकडे. त्याने कपाट उघडून आपल्या पगारावर जोखीम का घ्यावी? तो कुलूप लावतो. मीही त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुलं मागे आजीजवळ राहतात, काही बरोबर जातात. जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत दोन पुस्तकं टाकायची की नाही? शिक्षणाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. फडावर, कोपीत, चार-पाच महिने त्या मुलाच्या हाताला दुसरं छापील काहीही लागणार नाही. नोंदवहीच्या दृष्टीने मात्र ते पुस्तक मुदतबाह्य, आणि तपासणीच्या दिवशी गहाळ. मी देते. परत आलेली पुस्तकं चिखलाने माखलेली असतात, काही येतच नाहीत. जी येतात ती वाचलेली असतात, कारण त्यांतलं कुठलंही पान उघडून विचारलं की मुलगी पुढची गोष्ट सांगते. असं पुस्तक निर्लेखनाला टाकायचं, म्हणजे नोंदवहीतून कमी करायचं तर कारणाच्या रकान्यात काय लिहू? 'वापरून झिजले' असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो, काळजी का घेतली नाही?

याला उपाय नाही असं समजू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, ग्रंथालयातून दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तकं गहाळ होणं स्वाभाविक मानलं आहे. अप्रामाणिकपणाने किंवा निष्काळजीपणाने हरवली नसली म्हणजे झालं. पुस्तक वापरलं की काही हरवणारच, हे तिथल्या हिशेबनिसांनाही मान्य आहे. आमच्या शाळांसाठी असा एक स्पष्ट परिच्छेद काढा. त्याला पैसे लागत नाहीत. मुलांच्या वाचनासाठी होणाऱ्या डझनभर उपक्रमांपेक्षा या एका परिच्छेदाने जास्त कपाटं उघडतील, असं मला वाटतं.

उपक्रमांचा विषय निघालाच आहे तर. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला आपण २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. महावाचन उत्सव झाला. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो आणि आम्हाला ग्रंथपाल दिनाच्या शुभेच्छा येतात. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे त्यांनी १९३१ मध्ये सांगितलेले नियम फलकावर लिहितो. या दिवसांना माझा विरोध नाही, त्या दिवशी मुलं खरंच खूश असतात. पण मैदानात रांगेत बसवून, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक देऊन फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या आत पोर्टलवर चढवायचा, यात वाचन किती आणि प्रेरणा किती, हे आपणच ठरवा. दुसऱ्या दिवशी त्यातला एक मुलगा जरी 'बाई, कालचं पुस्तक अर्धं राहिलं' म्हणत आला, तरी त्याला ते देणारं कुणीतरी हवं. १६ ऑक्टोबरसाठी परिपत्रक निघत नाही.

आणि या सगळ्याची गरज किती आहे, हे 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात आहे. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता येत नाही. तिसरीपर्यंत सगळ्यांना वाचता यावं म्हणून जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं आणि त्याची मुदत २०२६-२७ आहे. पण अक्षरओळख झाल्यावर वाचन मुरतं ते पुष्कळ वाचल्याने, आणि पुष्कळ वाचलं जातं ते आवडीचं मिळाल्यावर. आठवीतला अडखळत वाचणारा मुलगा बालगोष्टीचं पुस्तक वर्गात हातात धरायला लाजतो. त्याला अक्षर मोठं हवं, मजकूर थोडा हवा, पण विषय त्याच्या वयाचा हवा: विहिरीची मोटर, कुस्ती, साप, क्रिकेट. असं पुस्तक शोधून ते चारचौघांत लाज वाटणार नाही अशा पद्धतीने त्याच्यापुढे सरकवणं, हे काम कुठल्याच वेळापत्रकात नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे. शाळेत आलेला अंक टपालाच्या वेष्टनातून बाहेर काढून योग्य मुलाच्या हातात कोण देतं, हे जरा चौकशी करून बघा.

माझा मोठा मुद्दा आता येतो. नवं धोरण म्हणतं की अभ्यासक्रमाचा भार गाभ्यापुरता ठेवायचा, पाठांतर कमी करायचं, मुलांनी प्रश्न विचारत, शोधत शिकायचं. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना. मला हे मनापासून पटतं. पण पाठ्यपुस्तक पातळ केलं आणि मुलाला 'शोध' म्हटलं, तर तो शोधणार कुठे? आज काय होतं ते सांगते. 'आपल्या परिसरातील जलस्रोत' असा प्रकल्प दिला जातो. मुलगा स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्पवही आणतो किंवा सायबर कॅफेतून प्रिंट काढतो. वर्गातल्या सगळ्यांच्या प्रकल्पांत एकच फोटो, एकच प्रस्तावना. मागच्या एका वहीत तर परिसरातली नदी म्हणून ज्या नदीचं वर्णन होतं ती आमच्या जिल्ह्यातून वाहतच नाही. शिक्षकाने तपासून सही केली होती. साठ वह्या तपासणारा माणूस आणखी काय करणार?

तोच विषय ग्रंथालयात आला तर मी जिल्हा गॅझेटिअर काढून देते, जुन्या वर्तमानपत्रांतली दुष्काळाच्या बातम्यांची कात्रणं देते, 'गावातल्या आडाबद्दल आजोबांना विचारून ये आणि पुस्तकात काय आहे त्याच्याशी ताडून बघ' म्हणते. दोन ठिकाणी वेगळी माहिती निघाली की मुलं वैतागतात, मग भांडतात, मग तिसरं पुस्तक मागतात. धोरणात ज्याला चिकित्सक विचार म्हटलं आहे ते याहून काही वेगळं असेल असं मला वाटत नाही. वर्गशिक्षकाला पस्तीस मिनिटांत हे जमत नाही, आणि ते त्याच्याकडून मागणंही अन्याय आहे. म्हणूनच २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आठवड्याला एक तास ग्रंथालयासाठी सुचवला होता. वेळापत्रकात तो तास आजही कित्येक शाळांत असतो. त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा पूर्ण होतो.

'आता सगळं मोबाइलवर आहे' हे मला सभेत, लग्नात, एसटीत, सगळीकडे ऐकवलं जातं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर झालं. त्याच भाषणात पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालयं उभारायला राज्यांना प्रोत्साहन देऊ असंही म्हटलं होतं. ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही. डिजिटल पुस्तकं येऊ देत. पण मोबाइल घरात एक असतो, तो वडिलांबरोबर शेतावर असतो, आणि मुलाच्या हाती येतो तेव्हा तो पुस्तक उघडेल अशी आशा करणारे लोक बहुधा मुलांजवळ राहत नाहीत. शिवाय आता यंत्रच उत्तर लिहून देतं. ते खरं की खोटं हे कसं तपासायचं, कशावर विश्वास ठेवायचा, हे शिकवणारा माणूस शाळेत आज पूर्वीपेक्षा जास्त लागतो. ते शिकवण्याचं शिक्षण आम्ही घेतलं आहे आणि ते काम करायला तयार आहोत.

आणखी एक. गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदी या विषयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. एप्रिल आणि जून २०२५ चे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जूनला मागे घेतले. मराठीसाठी लोक रस्त्यावर येतात याचा मला अभिमानच वाटला. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. पण मराठी पुस्तक मराठी मुलाच्या हातात देणारं पद शाळांमधून एकेक करून व्यपगत होतं आहे, त्यासाठी एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. ही तक्रार आपल्याकडे नाही, वाचणाऱ्या सगळ्यांकडे आहे.

आमच्यावर होणारे आक्षेप मला माहीत आहेत. आमच्यातही किल्ली कमरेला लावून बसणारे आहेत. पुस्तक हा सांभाळायचा माल आहे असं समजणारे आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत वर्गीकरण आणि तालिकीकरण भरपूर शिकवतात, बालसाहित्य आणि मुलांशी बोलणं फारसं शिकवत नाहीत. हे खरं आहे, आणि धोरणातलं प्रशिक्षणाचं वाक्य त्यासाठीच आहे. दुसरा आक्षेप पैशांचा. प्राथमिकसह प्रत्येक शाळेला उद्या पूर्णवेळ ग्रंथपाल द्या, असं मी म्हणत नाही; राज्याची तिजोरी मलाही दिसते. धोरणाच्या सातव्या प्रकरणात शाळासंकुलांची कल्पना आहे, ज्यात ग्रंथालयासारख्या सोयी शाळांनी वाटून घ्यायच्या आहेत. ती इथे उपयोगी पडेल. पण अट एवढीच की पुस्तकं मुलांकडे गेली पाहिजेत. समूह शाळांचा घाट घालताना मुलांना दूरच्या शाळेत नेण्याचं गणित मांडलं गेलं, तसं ग्रंथालयाचं करू नका. सात किलोमीटरवर उत्तम ग्रंथालय असणं म्हणजे दहा वर्षांच्या मुलीसाठी ते नसणंच.

तेव्हा मागण्या लिहिते.

एक. ग्रंथपालाचं पद पटाच्या निकषातून वेगळं काढावं. माध्यमिक शाळा असेल तर एक ग्रंथपाल, पट कितीही असो. जी पदं आज भरलेली आहेत ती माणूस निवृत्त झाला म्हणून व्यपगत करू नयेत. हे पहिलं आणि तातडीचं.

दोन. अर्धवेळ ही वर्गवारी बंद करावी. कार्यरत अर्धवेळ ग्रंथपालांना टप्प्याटप्प्याने पूर्णवेळ करावं, आणि वाढलेल्या वेळात ग्रंथालय शाळा सुटल्यावर गावातल्या मुलांसाठी उघडं ठेवण्याची जबाबदारी लेखी द्यावी. ती आम्ही घेऊ.

तीन. जिल्हा परिषद शाळांसाठी दर केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक ग्रंथपाल नेमावा. केंद्रप्रमुखाची रचना आहेच. या ग्रंथपालाने पुस्तकांच्या पेट्या घेऊन केंद्रातल्या शाळांत ठरलेल्या वारी जावं, वाचायला द्यावीत, परत घ्यावीत, शिक्षकांना मदत करावी.

चार. पुस्तकं गहाळ होण्याची आणि झिजण्याची वाजवी मर्यादा ठरवणारा आदेश काढावा आणि त्या मर्यादेतली वसुली थांबवावी. ऊसतोड, वीटभट्टी अशा स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना हंगामभरासाठी पुस्तकं देण्याची वेगळी मुभा त्यातच लिहावी.

पाच. पुस्तकांची निवड शाळेच्या पातळीवर, ग्रंथपाल, एक भाषाशिक्षक आणि मुलांचे दोन प्रतिनिधी यांच्या समितीने करावी. अनुदान दिवाळीच्या आत शाळेच्या खात्यावर यावं.

सहा. राज्याच्या माहिती संकलनात वाचन कोपरा, पुस्तकपेढी आणि ग्रंथालय हे तीन वेगळे रकाने करावेत, आणि चौथा रकाना प्रशिक्षित ग्रंथपालाचा असावा. वर्षभरात मुलांनी घरी नेलेल्या पुस्तकांची संख्याही विचारावी. नुसती कपाटातली मोजू नये.

सात. ग्रंथालयाच्या तासाला दुसरा विषय घेता येणार नाही, असं वेळापत्रकाच्या सूचनांत लिहावं. ग्रंथपालाकडे असलेली ऑनलाइन माहितीची कामं काढून घ्यावीत.

यातल्या चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मागणीला जवळजवळ खर्च नाही. या शैक्षणिक वर्षातच त्या होऊ शकतात. पहिल्या तीनसाठी आपण वित्त विभागाकडे प्रस्ताव पाठवला की नाही, आणि पाठवला असेल तर त्यावर काय शेरा आला, हे जाहीर करावं. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात यावर आपण निवेदन केलंत तर आम्हाला पुन्हा उन्हात बसावं लागणार नाही. आमच्यापैकी कुणाला चर्चेला बोलवायचं असेल तर पूर्णवेळ, अर्धवेळ आणि ज्यांच्यावर ग्रंथालयाचा प्रभार लादला आहे असे शिक्षक, तिघांनाही बोलवा. तिसऱ्यांचं म्हणणं आजवर कुणी ऐकलेलं नाही, आणि कुलूप का लागतं हे ते माझ्यापेक्षा स्पष्ट सांगतील.

आपली,
एका अनुदानित माध्यमिक शाळेतील अर्धवेळ ग्रंथपाल

प्रत माहितीसाठी: शिक्षण आयुक्त, सर्व आमदार (शिक्षक मतदारसंघ), आणि ज्यांची मुलं शाळेत आहेत असे सगळे पालक